समुद्र लांब, पण टेहळणी समुद्राचीच! तळागड इथं का बांधला?

माणगाव : इंदापूरहून तळ्याला गेलं की गावाच्या डोक्यावर उभा दिसतो तो तळागड. तळे पूर्वी माणगाव तालुक्यातच होतं. समुद्र तर इथून लांब, मग किल्ला कशाला? उत्तर खाली मांदाडच्या खाडीत आहे. ही खाडी पुढं राजपुरीला, जंजिऱ्याजवळ समुद्राला मिळते. पूर्वी गलबतं माल घेऊन थेट मांदाडपर्यंत आत येत. खाडीत कोण शिरलं ते गडावरच्या पहारेकऱ्याला वरूनच दिसायचं. जोडीला समोर घोसाळगड.

म्हणूनच सिद्दीच्या डोळ्यात हा गड खुपायचा. १६५९ मध्ये त्यानं वेढाही घातला, पण अफजलखान मारला गेल्याची बातमी येताच गुंडाळला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवरायांनी २३ किल्ले दिले. राखलेल्या १२ मध्ये तळा होता, यावरूनच काय ते समजा. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरनं गड घेतला आणि पहारा उठला.

आज वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि पडकी तटबंदी उरली आहे. तटाचे दगड सुटलेत, कडेला उभं राहून सेल्फी नको. खाडी बघायची तर पाऊस सरल्यावर सकाळीच चढा.