विश्लेषण : घरी बनवलेला रोबो मुलांना ‘एआय’ खरेच शिकवतो का?

सीबीएसईने २०१९-२० पासून नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय सुरू केला. तेव्हापासून विज्ञान प्रदर्शनांत ‘एआय रोबो’च्या पाट्या वाढल्या. पण त्यातले खरोखर शिकणारे यंत्र कोणते?

पट्टीवरून धावणारी गाडी एआय का नाही?

दोन आयआर सेन्सर, दोन बीओ मोटर, मोटर ड्रायव्हर आणि आर्डुइनो बोर्ड एवढ्या साहित्यात ‘लाइन फॉलोअर’ तयार होतो. डावा सेन्सर काळ्या पट्टीवर आला की डावीकडे वळ, उजवा आला की उजवीकडे, हे नियम विद्यार्थ्यानेच लिहिलेले असतात. गाडी हजारदा धावली तरी त्यात सुधारणा होत नाही. कोडिंग शिकण्यासाठी ती उत्तम. पण ती स्वतः काही शिकत नाही.

मग शिकणारा रोबो कसा बनवायचा?

गाडी तीच, पुठ्ठ्याचीही चालेल. गुगलचे ‘टीचेबल मशीन’ हे मोफत साधन ब्राउझरमध्ये उघडायचे. उघडा तळहात आणि मिटलेली मूठ यांचे शे-दोनशे फोटो कॅमेऱ्यासमोर घ्यायचे. त्यातला फरक मॉडेल स्वतः शोधते. तळहात दिसला की थांब, मूठ दिसली की पुढे जा, हा संदेश थोडे कोड लिहून गाडीतील बोर्डाला पाठवता येतो. इथे हात ओळखण्याचे नियम कुणी लिहीत नाही. फक्त उदाहरणे देतो.

गाडी चुकली तर?

खरा धडा तिथेच सुरू होतो. एकाच मुलाच्या हाताचे, एकाच भिंतीसमोरचे फोटो दिले, तर दुसऱ्याच्या हातापुढे गाडी गोंधळू शकते. उदाहरणे एकांगी, म्हणून निर्णयही एकांगी. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणालींची जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तपासणी केली. गोऱ्या पुरुषांबाबत चुका जेमतेम ०.८ टक्क्यांपर्यंत होत्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांबाबत त्या ३४.७ टक्क्यांपर्यंत गेल्या.

संगणकच नसेल तर?

ब्रिटिश संशोधक डोनाल्ड मिकी यांनी १९६१ मध्ये ३०४ काड्यापेट्या आणि रंगीत मणी वापरून फुल्ली-गोळा शिकणारे यंत्र बनवले. जिंकल्यास त्या चालींचे मणी वाढवायचे, हरल्यास काढायचे. चांगल्या चाली हळूहळू उरत जातात.

पालकांनी काय विचारावे?

महागडे किट घेण्याआधी एकच प्रश्न पुरे : नवी उदाहरणे दिल्यावर या रोबोचे वागणे बदलते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते खेळणे चांगले असेल; पण त्यावरची ‘एआय’ची पाटी खोटी आहे.