आधी लेकरू, मग सही

वाशिम जिल्ह्यात सोयाबीन गुडघ्याला लागले की सर्पदंशाचे दिवस सुरू होतात. आई निंदणाला, बाप पुण्यात बांधकामावर आणि साप चावलेले लेकरू आजीच्या मांडीवर. अशी आजी दवाखान्याच्या दारात पोचते तेव्हा तिला विचारले जाते, सही कोण करणार? खासगीत आणखी एक सवाल, डिपॉझिट किती आणले?

आमचे म्हणणे असे की, जीव धोक्यात असताना या दोन्ही सवालांवाचून उपचार अडू शकत नाही. हे आमच्या पदरचे नाही. जुन्या दंडसंहितेच्या कलम ९२ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये, उदाहरणच अपघातात सापडलेल्या मुलाचे आहे. पालकाला विचारायला वेळ नाही म्हणून शल्यचिकित्सकाने सद्हेतूने शस्त्रक्रिया केली, तर तो गुन्हा नाही. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डॉक्टर सरकारी असो वा खासगी, पोलिसी सोपस्कार नंतर, जीव आधी. आधार होता बाबासाहेबांच्या संविधानातील कलम २१.

डॉक्टरांची अडचण आम्हाला कळत नाही, असे नाही. सर्पदंशाच्या लसीची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. लेकरू हातात गेले तर बाहेर जमाव उभा. मग चिठ्ठी लिहून अकोल्याला पाठवणे सोपे वाटते. वाशिमपासून तेही सुमारे ८० किलोमीटर. २०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, चांगलेच झाले. पण मानोऱ्याकडच्या तांड्यावरून वाशिम गाठायलाही वेळ लागतोच. विष थांबत नाही. मूल लहान म्हणून साप विष कमी ओतत नाही, म्हणून लसीची मात्राही मोठ्या माणसाइतकीच लागते. विषबाधेची लक्षणे दिसत असतील तर अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवून पहिली मात्रा जवळच्या दवाखान्यातच द्यायची आणि मग पुढे पाठवायचे. त्यात अपयश आले तरी केवळ तेवढ्यावरून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. घोर निष्काळजीपणा असेल तरच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात ठरवले. हल्लेखोरांविरुद्ध राज्याचा २०१० चा कायदा आहे. मग भीती कशाची?

दारातून परतवले जाणे आमच्या समाजाला नवे नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे, १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त ती आली होती. बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर म्हणाला, वस्तीत येणार नाही, मुलालाही तपासणार नाही. दोन रुपये फीसाठी नगरशेठ जामीन राहिला, तेव्हा तो वस्तीबाहेर आला. थर्मामीटर मुसलमानाच्या हातून दिले, तसेच परत घेतले. पुढे ती बाई गेली. आज थर्मामीटर हातात मिळते. जामीन मात्र अजून मागतात.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. डॉक्टरवर हात उगारू देऊ नये. लेकरू पुढे पाठवले तर किती वाजता आणले, कोणती लस दिली आणि दिली नसल्यास का नाही, हे १०८ ची गाडी हलण्याआधी चिठ्ठीवर लिहून घ्यावे.