साऱ्याच झोपेच्या गोळ्या नव्हेत

अमरावती-अकोल्याकडे मनोविकाराच्या रुग्णाला दिलेल्या साऱ्या औषधांना घरात बहुधा एकच नाव असते: झोपेच्या गोळ्या. त्यामुळे रुग्ण शांत झोपू लागला की ‘आता कायले पायजे गोया?’ हा प्रश्न ओघानेच येतो. मेळघाटातील धारणीहून अमरावती गाठायची तर सुमारे १५० किलोमीटरचा प्रवास. एखादी फेरी टळली तर कोणाला नको असते? मात्र चिठ्ठीवर अनेकदा शेजारी-शेजारी असणाऱ्या हॅलोपेरिडॉल आणि लोराझेपाम यांची कामे पूर्णतः भिन्न आहेत.

मेंदूत डोपामाइन हे रसायन एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोचवते. भास आणि संशयाच्या विकारात मेंदूच्या काही भागांत हे निरोप अवाजवी वाढतात. हॅलोपेरिडॉल निरोप स्वीकारणाऱ्या ‘डी-२’ ग्राहकांवर जाऊन बसते व त्यांना अडवते. गंमत पुढेच आहे. निरोप पोचत नसल्याचे जाणवताच पेशी सुरुवातीला डोपामाइन अधिक तयार करतात आणि अधिक मोडतातही. स्वीडनचे आर्विद कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी १९६३ मध्ये उंदरांच्या मेंदूत या विघटनाचे अवशेष वाढलेले मोजले. ही औषधे ग्राहक अडवतात, हा तर्क त्यातूनच निघाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

लोराझेपाम, डायझेपाम ही शामके ‘गाबा’ या मेंदूला आवर घालणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवतात. हॅलोपेरिडॉलसोबत डायझेपाम दिल्यास डोपामाइनचे ते वाढीव विघटन कमी होते, असे १९७० च्या दशकातील प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले. म्हणजे शामकांचा डोपामाइनशी संबंध येतो, पण आडवाटेने. डी-२ ग्राहक ती अडवीत नाहीत. म्हणूनच झोप पहिल्याच रात्री लागते, भास आणि संशय पुरते ओसरायला मात्र कित्येक आठवडे लागतात.

दोन्ही औषधे एकत्र घेताना गुंगी वाढते. त्यात दारूची भर पडली तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. शामक पुढे कमी केले जाते, पण हळूहळू; महिनोन्‌महिने घेतलेले शामक एकाएकी तोडल्यास झटकेही येऊ शकतात. हॅलोपेरिडॉल बंद केल्यावर तसे तत्काळ काही घडत नाही. आजार कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उलटतो. तोवर गोळी केव्हा थांबवली होती, हे घरात कोणाच्या लक्षातही नसते.