एका गुणाची किंमत

विम्बल्डन जिंकणाऱ्याला क्रमवारीचे २००० गुण मिळतात. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची सगळ्यात खालची पायरी म्हणजे 'एम-१५', एकूण १५,००० डॉलर बक्षिसांची स्पर्धा. तिथे पहिली फेरी जिंकली की १ गुण. अख्खी स्पर्धा जिंकली तर १५. म्हणजे अशा १३३ स्पर्धा जिंकल्या तरी बेरीज १९९५, विम्बल्डनला पाच कमीच! आणि वर्षाचे आठवडे बावन्न. गंमत (आपली, खेळाडूची नव्हे) अशी की मिळवलेला गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतो. पुन्हा तेवढेच कमवा, नाहीतर घसरा.

तरी त्या एका गुणासाठी पोरं ट्युनिशियातल्या मोनास्तिरला, तुर्कस्तानातल्या अंताल्याला मुक्काम ठोकतात. तिथे आठवड्यामागून आठवडा स्पर्धा भरतात, तेवढंच विमानाचं भाडं वाचतं. पहिल्या फेरीत हरलं तर हातात साधारण दीडशे डॉलर. खोली, जेवण, रॅकेटच्या तारा, सगळं त्यातूनच किंवा पदरचं.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने (आयटीएफ) २०१३च्या आकड्यांवरून हिशोब मांडला होता. जमाखर्चाची तोंडमिळवणी होते ती पुरुषांत ३३६व्या आणि महिलांत २५३व्या क्रमांकाला, तीही प्रशिक्षकाचा खर्च न धरता. जगातला चारशेवा शल्यविशारद दर महिन्याला घरून पैसे मागवतोय, अशी कल्पना करून बघा.

झज्जरच्या सुमित नागलकडे पाहिलं की हे गणित अंगावर येतं. २०१५मध्ये तो विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीत विजेता होता. २०१९च्या अमेरिकन ओपनमध्ये, क्रमवारीत १९०वा असताना, ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीतला त्याचा पहिलाच सामना पडला तो थेट फेडररशी, आणि पहिला सेट नागलने ६-४ असा घेतला! सामना हरला, पण नाव झालं. नावाने पोट भरत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये भारताचा हा पहिल्या क्रमांकाचा एकेरी खेळाडू सांगत होता की खात्यात ९०० युरो उरलेत. एक प्रशिक्षक सोबत घेऊन फिरायचं तर वर्षाला ८० लाख ते १ कोटी रुपये लागतात, असा त्याचा हिशोब होता.

चारच महिन्यांनी मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये, तो पात्रता फेऱ्यांतून वर आला आणि ३१व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला त्याने सरळ तीन सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीयाने मानांकिताला हरवण्याची याआधीची वेळ १९८९ची, रमेश कृष्णन विरुद्ध मॅट्स विलँडर. दुसऱ्या फेरीचं बक्षीस होतं १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे कोटीला टेकलेली रक्कम. त्याच वर्षीच्या जुलैत तो क्रमवारीत ६८वा होता.

पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ स्पर्धा भरते. पुढच्या वेळी जाऊन बघा, आणि जाल तर पहिल्या फेरीलाच जा. अंतिम सामन्याला गर्दी असतेच.