लॅपटॉपवर गेम अटकतो तेव्हा: ग्राफिक्स सेटिंग्ज आणि उन्हाळा

आज अनसिंगला जमलेल्यांपैकी बहुतेकांचा लॅपटॉप अभ्यासासाठी घेतलेला आहे, आणि बऱ्याच घरांत तो सोयाबीनच्या पैशातून आलेला आहे. त्यामुळे ‘गेम अटकतो, नवीन लॅपटॉप घ्या’ हा दुकानातला सल्ला आपण बाजूला ठेवू. आहे त्याच लॅपटॉपवर काय करता येतं, ते पाहू.

आधी शब्द साफ करून घेऊ. आपण सगळ्यालाच ‘लॅग’ म्हणतो. पण ऑनलाइन गेममध्ये आपला खेळाडू मागे फेकला गेला, गोळी मारली तरी लागली नाही, तर तो बहुतेक वेळा नेटचा प्रश्न असतो. त्याला पिंग म्हणतात, आणि ग्राफिक्स कमी करून तो सुटत नाही. कॅमेरा फिरवताना चित्रच झटके देत असेल तर तो फ्रेमचा प्रश्न. आजचा विषय तोच.

सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एक फ्रेम तयार करायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमला ३३.३. आता समजा ५९ फ्रेम वेळेवर आल्या आणि एकीलाच १०० मिलिसेकंद लागले. कोपऱ्यातला आकडा फारसा हलत नाही, पण डोळ्याला झटका जाणवतोच. म्हणून आम्ही म्हणतो, आकडा मोठा असण्यापेक्षा तो स्थिर असणं महत्त्वाचं. कधी ९० तर कधी ३५ यापेक्षा सलग ४५ खेळायला कितीतरी बरं.

हा आकडा हलतो कशामुळे? आपल्या भागात पहिलं कारण उष्णता. चिपचं तापमान ९५-१०० अंशांच्या आसपास गेलं की ती स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. लॅपटॉपचा पंखा काही एसी नाही, तो खोलीतलीच हवा आत ओढतो. एसीच्या खोलीत ती हवा २५ अंशांची असते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी खोलीत ४० असेल, तर १५ अंशांची सवलत खेळ सुरू होण्याआधीच संपली! इंटरनेटवर ‘याच लॅपटॉपवर हाय सेटिंग आरामात चालतं’ म्हणणारा माणूस कोणत्या हवेत बसलाय, हे व्हिडिओत दिसत नाही.

म्हणूनच पहिल्या पाच मिनिटांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. लॅपटॉप तेव्हा थंड असतो. गेममधली एकच जागा ठरवा, पंधरा-वीस मिनिटं खेळून झाल्यावर तिथेच फिरून आकडा पाहा. मग एक सेटिंग बदला, पुन्हा पाहा. एकदम सहा सेटिंग बदलल्या तर फरक कशाने पडला हे कळत नाही.

सुरुवात बहुतेक जण टेक्स्चरपासून करतात. आम्ही फ्रेम लिमिटपासून करतो. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर ती सेकंदाला ६० चित्रंच दाखवते. गेम ११० बनवत असेल तर वरच्या फ्रेमचा फायदा फार थोडा, उष्णता मात्र पूर्ण. मर्यादा ६० ला बांधा, उन्हाळ्यात ४५ ला. चिपला मधेमधे श्वास घ्यायला जागा मिळते आणि वेग एकदम कोसळत नाही.

त्यानंतर रिझोल्यूशन. १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. १२८० बाय ७२० म्हणजे ९,२१,६००. काम निम्म्याहून कमी झालं ना! चित्र थोडं पुसट होतं. गेममध्ये एफएसआर असेल तर ते लावा. ते लहान चित्र काढून हुशारीने मोठं करतं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डवर चालतं. डीएलएसएस मात्र एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डवरच.

मग सावल्या. शॅडो हाय वरून लो किंवा मीडियम करा. खेळताना सावलीची कड कोणी बघत बसत नाही. टेक्स्चरचं गणित वेगळं आहे. ग्राफिक्स कार्डाची मेमरी पुरेशी असेल तर टेक्स्चर कमी करून फारसा वेग मिळत नाही. मेमरी अपुरी असेल तर मात्र झटके तिथूनच येतात. वेगळं कार्ड नसलेले लॅपटॉप यासाठी रॅमच वापरतात. अशा लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी असेल आणि दुसरीला जागा असेल, तर ती टाकल्याने बऱ्याचदा सेटिंगपेक्षा जास्त फरक पडतो.

गेम कोणता, हेही बघा. वॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये सगळं लो ठेवा, तिथे फ्रेमच कामाच्या. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला ‘राजी’ हा गेम घ्या. तिथे महाल, रंग, उजेड हाच अर्धा आनंद. तो लो वर खेळणं म्हणजे लग्नात जाऊन न जेवता परतणं. तिथे रिझोल्यूशन उतरवा, ४० फ्रेमवर समाधान माना आणि बाकी राहू द्या.

लाइट गेल्यावर गेम मंद होतो, हा सगळ्यांचा अनुभव. बॅटरीवर लॅपटॉप कार्डाला मिळणारी वीजच कमी करतो. तिथे सेटिंगचा इलाज नाही. गेम सेव्ह करून बंद करणं बरं. व्होल्टेज थोडं उतरल्याने मात्र वेग सहसा कमी होत नाही. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, चार्जरवर ते छापलेलं असतं.

एका ताईंनी विचारलंय, ‘मुलगा कूलरसमोर लॅपटॉप ठेवतो, चालेल का?’ समोर नको ताई. ती हवा ओली असते, कधी थेंबही उडतात. कूलरने खोली गार होऊ द्या, लॅपटॉप झोताच्या बाजूला ठेवा. गोधडीवर ठेवून तर मुळीच खेळू देऊ नका, खालच्या जाळ्या बंद होतात. आणि मळणीच्या दिवसांनंतर एकदा पंखा साफ करून घ्या. सोयाबीनचा बारीक भुसा त्या जाळीत असा बसतो, की वरून काहीच दिसत नाही.