गिम्बल घ्यावा की फोनवर भागवावे?

मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्याहून शिरपूरकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवरचा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी ही या गावाची जुनी ओळख. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येई, हंडा हातात घेऊन वजन अजमावी, टिचकी मारून नाद ऐके. आज परगावचे गिऱ्हाईक आधी मोबाईलवर व्हिडिओ मागवते. तो हलला तर मठारकामाचे ठोके दिसत नाहीत, काठ सरळ आहे की नाही हे कळत नाही आणि मागणी दुसऱ्या दुकानाकडे जाते. म्हणून घरातील तरुण मंडळी गिम्बल घेऊ म्हणतात. वडीलधारे विचारतात, फोनमध्येच ती सोय असताना वेगळा खर्च कशाला? दोघांचेही म्हणणे तपासून पाहण्याजोगे आहे.

गिम्बल म्हणजे फोन धरून ठेवणारा यांत्रिक हात. त्याची कल्पना जुनी आहे. जहाज डोलले तरी होकायंत्र समतल राहावे म्हणून ते एकात एक बसविलेल्या कड्यांमध्ये टांगत असत. आजच्या गिम्बलमध्ये कड्यांच्या जागी तीन छोट्या मोटारी असतात. हात कोणत्या दिशेला कलला हे आतील संवेदक ओळखतात आणि मोटारी फोनला तत्क्षणी उलट दिशेने वळवितात. डीजेआय कंपनीने 2016 मध्ये ऑस्मो मोबाईल बाजारात आणला, आणि पुढे अशी उपकरणे सर्वसामान्यांच्या हाती आली.

सॉफ्टवेअरची रीत निराळी. फोन दिसते त्यापेक्षा थोडे मोठे चित्र टिपतो, हाताची हालचाल मोजतो आणि प्रत्येक चौकट तेवढीच उलट सरकवून जुळवितो. सरकविण्यासाठी कडेची जागा लागते. ती कापली जाते. 2022 च्या आयफोन 14 मधील अॅक्शन मोड हे याचे ठळक उदाहरण. धावतानाचे चित्रणही तो आश्चर्यकारकरीत्या स्थिर करतो, मात्र चित्र 4के ऐवजी 2.8के इतकेच मिळते आणि उजेड अपुरा असल्यास फोन तशी सूचना देतो. थोडक्यात, गिम्बल आपली किंमत खिशातून वसूल करतो, तर सॉफ्टवेअर चित्राच्या कडेतून.

उजेडाची ही सूचना हेच या प्रश्नाचे मर्म आहे. भर उन्हात कॅमेरा प्रत्येक चौकट सेकंदाच्या अत्यंत लहान अंशात टिपतो. चौकट स्वतः स्वच्छ असते, फक्त जागेवरून सरकलेली असते. ती जुळविणे सॉफ्टवेअरला सोपे जाते. अंधुक जागी मात्र तीच चौकट टिपायला सेकंदाचा तिसावा भागही लागू शकतो. तेवढ्यात हात हलला की चौकटच पुसट होते. सॉफ्टवेअर पुसट चौकट जागेवर आणू शकते, स्वच्छ करू शकत नाही. गिम्बल फोनलाच हलू देत नसल्याने हा दोष मुळाशीच कमी होतो.

आता हेच सोनगीरच्या व्यवहारात पाहू. दुकानासमोर सकाळच्या उन्हात परात फिरवून दाखवायची असेल, तर फोनमधील सोय पुरेशी आहे. आतल्या फळीवरची घंगाळे दाखवायची असतील, तर हजार-दीड हजाराचा साधा तिपाई स्टँड आणि एक चांगला दिवा गिम्बलपेक्षा अधिक उपयोगी. उभ्या जागेवरून घ्यायच्या चित्राला चालणारे यंत्र कशाला? कारागिराचा हातोडा पडतानाचे चित्र पुसट येत असेल, तर तेथे गिम्बलही हतबल आहे. तेथे हातोडाच हलतो, फोन नव्हे. उपाय पुन्हा उजेड हाच. परंतु संध्याकाळच्या वरातीबरोबर किंवा मिरवणुकीबरोबर चालत चित्रण करायचे असेल, अथवा कारखान्याच्या अंधुक बोळातून कामाची फेरी एका सलग दृश्यात दाखवायची असेल, तर गिम्बलची बरोबरी सॉफ्टवेअर करीत नाही.

गिम्बलच्याही मर्यादा आहेत. तो कलणे व वळणे आवरतो, पण चालताना शरीर वरखाली होते ते पुरते आवरत नाही. गुडघे किंचित वाकवून हलक्या पावलांनी चालण्याचा सराव करावाच लागतो. तो चार्ज करावा लागतो, फोन नीट तोलून बसवावा लागतो आणि जड फोन किंवा जाड कव्हर त्याला पेलेलच असे नाही. मोटारसायकलच्या हँडलला फोन बांधून महामार्गाचे चित्रण करण्याची हौस मात्र आवरावी. इंजिनाच्या तीव्र कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपल कंपनीनेच 2021 मध्ये दिला होता.

राहिला हिशेब. समजा, नऊ हजारांचा गिम्बल तीन वर्षे टिकला. वर्षातून सहा वेळा घरच्या समारंभातच तो बाहेर निघाला, तर अठरा वापर होतात आणि प्रत्येक वापर पाचशे रुपयांना पडतो. तोच आठवड्यातून तीन दिवस दुकानाच्या कामी आला, तर वर्षाचे सुमारे दीडशे आणि तीन वर्षांचे साडेचारशे दिवस. दर दिवसाला वीस रुपये. यंत्र तेच, किंमत तीच. ते स्वस्त की महाग हे वापर ठरवितो. व्यवसायासाठी घेतल्यास बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. नियमित योजनेतील व्यापाऱ्याला भरलेल्या कराचे क्रेडिट मिळू शकते, कंपोझिशन योजनेत ते मिळत नाही.

खरेदीपूर्वी एक बिनखर्ची परीक्षा करावी. फोनमधील स्थिरीकरण चालू ठेवून एकदा उन्हात व एकदा दिवेलागणीनंतर दुकानात चालत चित्रण करावे. मग ते मोठ्या पडद्यावर लावून मध्येच थांबवावे. थांबलेले चित्र स्वच्छ असेल, तर पैसे गाठीशी ठेवावेत. ते पुसट असेल, तर आधी दिवा वाढवून पाहावा. दिवा लावूनही पुसटपणा जात नसेल आणि चालत चित्रण करण्याची गरज वारंवार पडत असेल, तरच गिम्बलच्या दुकानाची पायरी चढावी. हंडा घेताना टिचकी मारून पाहणाऱ्या गावाला ही रीत नवी नाही.