गीतकाराचा धीर

कवितेवर पोट भरत नाहीं, हा सिद्धांत आपल्या मध्यम स्थितींतील घरांत फार जुना आहे. चिरंजीव वहीच्या मागच्या पानांवर गाणीं लिहितात असें कळलें, कीं वडील मंडळींच्या कपाळीं आठी पडते. कन्या स्वतः चाली बांधते असें कळलें, तर तिचें कौतुक होतें खरें, पण तें पाहुण्यांपुढें गाऊन दाखविण्यापुरतेंच. हा सिद्धांत आतां सर्वस्वी खरा राहिलेला नाहीं. चित्रपट, दूरचित्रवाणीवरील मालिका, जाहिराती, संगणकावरचे खेळ या सर्वांस नवीं-जुनीं गाणीं सतत लागतात, आणि तीं वापरण्याबद्दल हक्कदारास मोबदला द्यावा लागतो. म्हणजे या व्यवसायांत पैसा आहे; परंतु तो ज्या गतीनें येतो ती पाहून पुष्कळांचा धीर सुटतो, आणि धीर सुटला म्हणजे माणूस पुढें येईल त्या कागदावर सही करून मोकळा होतो. या धीराचाच विचार आज आम्हांस करावयाचा आहे. धीर हा एक उद्योग आहे, आणि प्रत्येक उद्योगाप्रमाणें त्यालाही दप्तर लागतें, हें आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

प्रथम या बाजारांत देवघेव कशाची होते, तें पाहूं. घर विकणें आणि घर भाड्यानें देणें यांतील भेद ज्याला कळतो, त्याला संगीताच्या परवान्याचें मर्म कळण्यास वेळ लागत नाहीं. परवाना म्हणजे भाडें. अमुक चित्रपटांत, अमुक प्रदेशांत, अमुक मुदतीपर्यंत हें गाणें वापरावें असें ठरवून निर्माता पैसे देतो. मालकी मूळ धन्याकडेच राहते, आणि तेंच गाणें उद्यां दुसऱ्यास देण्याची वाट मोकळी असते. उलट सर्व हक्क कायमचे लिहून दिले, तर पुढें त्या जागेवर कोणीं कितीही मजले चढविले तरी पहिल्या मालकानें रस्त्यावरून पाहावें.

दुसरी गोष्ट अशी, कीं एका गाण्यांत मिळकती दोन असतात. शब्द आणि चाल मिळून जी रचना होते ती एक. त्या रचनेचें जें ध्वनिमुद्रण होतें तें दुसरी. चित्राशीं गाणें जोडावयाचें असेल तर या दोहोंच्या मालकांची संमति घ्यावी लागते. पाश्चात्य व्यवहारांत पहिलीच्या परवान्यास 'सिंक' परवाना आणि दुसरीच्या परवान्यास 'मास्टर' परवाना म्हणतात. दोन्ही मिळकती एकाच हातीं असल्या म्हणजे घेणाऱ्याचें काम एका दारीं होतें, आणि लहान गीतकाराचें मोठें बळ पुष्कळदां यांतच असतें.

अधीरपणाचें मोल काय पडतें, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील स्टीफन फॉस्टर याचें चरित्र मनन करण्यासारखें आहे. त्याचा जन्म १८२६ सालचा. सिन्सिनाटी येथें भावाच्या पेढीवर हिशेब लिहितां लिहितां त्यानें गाणीं रचलीं, आणि १८४८ मध्यें छापलेलें 'ओ सुझाना' हें त्याचें गाणें देशभर लोकांच्या तोंडीं झालें. पुढें प्रकाशकांशीं त्यानें केलेले करार त्या काळाच्या मानानें वाईट नव्हते; छापील प्रतींमागें त्याला ठराविक हिस्सा मिळे. परंतु खर्च मिळकतीच्या पुढें धांवूं लागला आणि प्रकाशकांकडून उचल घेण्याची संवय जडली. १८५७ मध्यें त्यानें आपल्या गाण्यांची यादी केली, प्रत्येकाचें आजवरचें आणि पुढचें उत्पन्न स्वतःच्या हातानें मांडलें, आणि पुढचे सारे हक्क सुमारें १९०० डॉलरांस विकून टाकले. हिशेबनिसाच्या हातचाच हा हिशेब होता, त्यामुळें आंकड्यांना बोल लावतां येत नाहीं. देणेकरी दाराशीं होते, हें खरें कारण. १८६४ च्या जानेवारींत न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयांत वयाच्या ३७ व्या वर्षीं तो वारला, तेव्हां त्याच्या पाकिटांत ३८ सेंट निघाले. त्याचीं गाणीं मात्र अजून गाइलीं जातात.

फॉस्टरच्या पदरीं आणखी एक दुर्दैव होतें. त्याचें गाणें रंगभूमीवर कितीही वेळां गाइलें गेलें, तरी त्याबद्दल त्यास कांहीं मिळण्याची सोयच नव्हती. जाहीर रीतीनें गाण्या-वाजविण्याचा हक्क अमेरिकेच्या कायद्यांत आला तो १८९७ सालीं. पण कायद्यांत हक्क आला म्हणजे पैसे घरीं चालत येतात असें थोडेंच आहे! फ्रान्समध्यें अशा तऱ्हेचा कायदा राज्यक्रांतीच्या काळींच, १७९१ मध्यें, झाला होता. तरी पॅरिसच्या उपाहारगृहांत रोज गाणीं होत आणि रचणारांस कोणी विचारीत नसे. १८४७ सालीं एर्नेस्त बूर्जे नांवाचा गीतकार आपल्या संगीतकार मित्रांसह 'अँबासादर' नांवाच्या उपाहारगृहांत गेला असतां तेथें त्यांचींच गाणीं चाललीं होतीं. त्यानें साखरपाण्याचे पैसे देण्याचें नाकारलें. तुम्ही आमच्या गाण्याचे पैसे देत नाहीं, तर आम्ही तुमच्या पाण्याचे कां द्यावे, असा त्याचा सरळ सवाल होता. प्रकरण न्यायालयांत गेलें आणि निकाल गीतकारांच्या बाजूनें लागला. त्यांतूनच १८५१ मध्यें 'सासेम' ही गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे. अमेरिकेंत अशीच संस्था १९१४ सालीं निघाली, आणि संगीतासाठीं वेगळे पैसे घेतले नाहींत तरी उपाहारगृहाच्या धंद्यास संगीताचा उपयोग होतोच, हा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९१७ मध्यें दिला. आज जगभर गीतकारांस जी तिमाही रक्कम पोंचते, तिच्या मुळाशीं साखरपाण्याचा तो एक पेला आहे, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां ज्यानें आपला हक्क हातचा जाऊं दिला नाहीं, त्याचें एक अलीकडचें उदाहरण घेऊं. केट बुश या इंग्रज गायिकेनें 'रनिंग अप दॅट हिल' हें गाणें स्वतः लिहिलें, स्वतः चालीवर बांधलें आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाची निर्मितीही स्वतःच केली. १९८५ सालीं तें ब्रिटनच्या यादींत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें. त्यानंतर ३७ वर्षांनीं, २०२२ मध्यें, 'स्ट्रेंजर थिंग्ज' या अमेरिकन मालिकेंत तें वापरलें गेलें; त्यासाठीं तिच्याकडे आधींच विचारणा झाली होती. कथेंतील प्रसंग कळल्यावर तिनें संमति दिली, आणि २०२२ च्या जूनमध्यें तें गाणें ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर पोंचलें. ज्या मुलामुलींचा १९८५ मध्यें जन्मही झाला नव्हता, त्यांनीं तें डोक्यावर घेतलें. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं रचना तिची आणि ध्वनिमुद्रणही तिच्याच ताब्यांत. त्यामुळें विचारणा झाली तेव्हां उत्तर द्यावयास तीच होती आणि फळही तिच्याच पदरांत पडलें.

असें भाग्य हजारांत एखाद्याचें, हें आम्हांस ठाऊक आहे. सामान्य गीतकारानें अशा योगावर संसार उभारूं नये. पण त्याचा रोजचा बाजारही याच नियमांनीं चालतो. परदेशीं चित्रपटासाठीं वा मालिकेसाठीं गाणीं निवडण्याचें काम 'म्यूझिक सुपरवायझर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाकडे असतें. त्याच्यापुढें गाण्यांचा ढीग असतो आणि हातीं वेळ थोडा. एखादें दृश्य तयार झालें, ठरविलेलें गाणें महाग पडलें किंवा त्याचा मालक सांपडला नाहीं, कीं त्याला कधीं कधीं एका दिवसांत दुसरें गाणें लागतें. त्या क्षणीं तो सर्वांत चांगलें गाणें शोधीत नसतो. दृश्याशीं जुळणारें आणि ज्याचे कागद स्वच्छ आहेत असें गाणें शोधीत असतो. गाणें आवडलें, पण सहलेखकाची सही नाहीं. चाल आवडली, पण तींत दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा विनापरवाना घातलेला आहे. ध्वनिफितींत गीतकाराचें नांवच नाहीं. अशा कारणांनीं हातीं आलेले प्रसंग निसटतात.

म्हणून चिकाटी म्हणजे एकाच माणसास रोज पत्र पाठवून भंडावणें, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं ती सोडून द्यावी. चिकाटीचीं खरीं कामें निराळीं आणि बरींचशीं नीरस आहेत. दोघांनीं मिळून गाणें केलें, तर कोणाचा वाटा शेंकडा किती, हें त्याच दिवशीं लिहून दोघांनीं सह्या कराव्या. गाण्यास पैसे मिळूं लागल्यावर मैत्रींतही आठवणी निरनिराळ्या होतात. प्रत्येक गाण्याची शब्दांसह एक आणि केवळ वाद्यांची एक, अशा दोन प्रति तयार ठेवाव्या, कारण संवादाखालीं शब्द चालत नाहींत. फितीच्या माहितींत रचनाकाराचें नांव आणि पत्ता भरावा. गाणें पाठविण्यापूर्वीं त्या माणसानें आजवर कोणत्या प्रकारचें संगीत निवडलें आहे तें पाहावें. विनोदी मालिकेसाठीं काम करणाऱ्यास विरहगीत पाठवून काय उपयोग? उत्तर आलें नाहीं तर कांहीं आठवड्यांनीं एक सभ्य स्मरणपत्र पाठवावें आणि मग नव्या गाण्याला लागावें. नकार आला तर तो त्या दृश्यापुरता समजावा. आज नको असलेलें गाणें दोन वर्षांनीं त्याच माणसास हवें होतें, आणि त्या वेळीं त्याला आठवतो तो ज्यानें त्रास दिला नाहीं असा गीतकार.

हें सारें परदेशचें झालें; आपल्याकडे काय, असें वाचक विचारतील. आपल्या देशांत या हक्काची कथा धीराचीच आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा झाला, तरी चित्रपटासाठीं मोबदला घेऊन लिहिलेल्या गीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माताच ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ मध्यें दिला. त्यानंतर गीतकार-संगीतकारांस ३५ वर्षें वाट पाहावी लागली. कवि जावेद अख्तर यांनीं राज्यसभेंत हा प्रश्न लावून धरला, आणि २०१२ सालीं कायदा दुरुस्त झाला. आतां चित्रपटगृहांत त्या चित्रपटाबरोबर होणारें प्रदर्शन वगळतां, गाण्याच्या इतर उपयोगांबद्दल मिळणाऱ्या रॉयल्टींतील समान वाटा गीतकार-संगीतकारास कोणाच्याही नांवें सोडून देतां येत नाहीं; अपवाद फक्त कायदेशीर वारस आणि हक्कदारांची नोंदणीकृत संस्था यांचा. सही करून हा वाटा सोडला, तरी ती सही कायद्यापुढें टिकत नाहीं.

त्याच कायद्यांतील आणखी दोन-चार गोष्टी प्रत्येक घरांत ठाऊक असाव्या. हक्काचें हस्तांतर लेखी आणि सहीनिशीं झालें तरच वैध. करारांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षें समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच दिला असें मानतात. हक्क घेणाऱ्यानें एक वर्षांत तो वापरलाच नाहीं, आणि करारांत तसें निराळें ठरलेलें नसेल, तर तो परत येतो. रचनेवरील मालकी हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षें टिकते. म्हणजे आज लिहिलेलें गाणें नातवंडांच्याही उपयोगी पडूं शकतें. मात्र वांटा मिळावयाचा तर नांवनोंदणी हवी. 'इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी' ही संस्था १९६९ सालीं स्थापन झाली असून तिचें मुख्य कार्यालय मुंबईंत आहे. सभासद होऊन आपलें प्रत्येक गाणें तेथें नोंदविणें, हें मराठी गीतकाराचेंही कर्तव्य होय. ज्या गाण्याची नोंदच नाहीं, त्याचे पैसे कोणास पोंचवावे हें संस्थेस तरी कसें कळावें?

शेवटीं दोन शब्द वडील मंडळींस. ज्याच्या घरीं गाणीं लिहिणारें मूल आहे, त्यानें त्यास शिक्षण किंवा नोकरी सोडून या मागें लागूं देऊं नये, हें खरेंच. पण त्याचें कारण गाणें क्षुद्र आहे, हें नव्हे. येथला पैसा गाणें वाजल्यावर कित्येक महिन्यांनीं येतो, आणि पोटाची निकड असलेला माणूस तितका काळ थांबूं शकत नाहीं. फॉस्टरला हिशेब येत होता, कीर्तिही होती. त्याच्यापाशीं नव्हती ती फक्त आणखी कांहीं वर्षें थांबण्याची ऐपत. ती ऐपत घर देऊं शकतें. मुलाच्या हातीं पहिला करार आला म्हणजे एकरकमी आंकडा पाहून हरखूं नये. तो कागद दोन दिवस घरीं ठेवून घ्यावा, मुदत, प्रदेश आणि वाटा हीं तीन कलमें नीट वाचावीं, आणि जरूर तर जाणत्या वकिलास दाखवावा. भाड्याचा करार असला तर खुशाल सही करूं द्यावी. कायमची विक्री असली, तर मुलास अडचण कसली आहे तें आधीं विचारावें. आणि ती घरच्या घरीं भागण्यासारखी असेल, तर भागवावी.